पाहुण्यास समुद्र दाखविणेबाबत

नेवरेकरांचा फोन आला तेव्हा खुशाल गुरुजी दिवाळीच्या उरलेल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. चिवडा पाहुण्यांसाठी ठेवायचा आणि शेंगदाणे आपण संपवायचे, ही त्यांची दरवर्षीची पद्धत होती आणि त्यांच्या पत्नी बेबीबाई त्यांना दरवर्षी पकडत असत.

"खुशाल, मी येतोय रे," नेवरेकर म्हणाले. "तीन दिवस राहीन. डोंगर दाखव, तुझी फळबाग दाखव. आणि मुख्य म्हणजे तुझा तो समुद्र दाखव. किती वर्षं नुसतं ऐकतोय."

"ये ना," गुरुजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर हातातला शेंगदाणा त्यांनी परत चिवड्यात टाकला. असं आजवर कधी घडलं नव्हतं.

भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, हे इथे एकदा स्वच्छ सांगून टाकलेलं बरं. तलाव आहेत, त्याहून लहान बोड्या आहेत, वैनगंगा आहे, पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये पोटरीभर पाणी आहे. समुद्र मात्र नाही आणि तो कुणी कधी मागितलाही नव्हता. गुरुजींनी तो अकरा वर्षं एकट्याच्या जबाबदारीवर चालवला होता.

त्याचं असं झालं. डी.एड. झाल्यावर गुरुजींना नोकरी लागली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठच्या एका शाळेत. बावीस वर्षांचं वय, सोबत एक वळकटी आणि आईने बांधून दिलेली लाखोळीची डाळ. पहिल्याच संध्याकाळी शाळेतले सगळे मास्तर त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले. एवढं पाणी गुरुजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ते बघून कुणीतरी हसत विचारलं, "काय कापगते, पाहिला होता का कधी समुद्र?" आता माणसाने खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? पण घर सोडून तीन दिवस झालेले, दुपारच्या ताटातल्या माशाने डोळे वटारून पाहिलेलं, त्यात हे हसणं. गुरुजींच्या नाकाला मिरची झोंबली. "आमच्याकडेही आहे," ते म्हणाले. "डोंगर आहे, समुद्र आहे, घरची फळबाग आहे." सगळे पोट धरून हसले. भूगोल शिकवणारे यशवंत नेवरेकर तेवढे हसले नाहीत. "असेल," म्हणाले आणि चहाचं बघायला गेले.

पुढे अकरा वर्षं या नेवरेकरांनी गुरुजींना एकटं पडू दिलं नाही. दर रविवारी कुठे घाटात ने, कुठे गडावर चढव, खाडीत होडीतून फिरव, आपल्या हापूसच्या कलमांखाली जेवू घाल. नेवरेकरांची आई त्यांच्यासाठी मासे न शिजवलेल्या वेगळ्या भांड्यात भाजी करायची. आणि संध्याकाळी वाळूत बसलं की गुरुजी आपल्या समुद्राविषयी सांगायचे. एकदा सांगितलेला समुद्र असा अर्धा सोडता येत नाही. त्याला लाटा लागतात, काठ लागतो, काठावरची माणसं लागतात. गुरुजींनी काही कमी पडू दिलं नाही. मग बदली झाली, गुरुजी भंडाऱ्याला परतले, यथावकाश निवृत्त झाले आणि समुद्र तिकडेच राहिला असं समजून निर्धास्त झाले होते.

"मंग सांगून टाका ना जी खरं," बेबीबाई म्हणाल्या.

"इतक्या वर्षांनी? काय सांगू? तुझ्या आईच्या हातचं खाऊन तुलेच थापा मारल्या म्हनून सांगू?"

"मंग समुद्र कोठून आनता आता?"

बाकी कुणी काही म्हटलं असतं तर गुरुजींनी झटकून टाकलं असतं. पण नेवरेकरांच्या नजरेतून या वयात उतरायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. चपला घालून ते शेजारी ताराचंदकडे गेले.

ताराचंद धानाचा व्यापारी. धान देताना तो काटा तीनदा बघे, सल्ला देताना एकदाही बघत नसे. सगळं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. "गुरुजी, कायले घाबरून राहिले? धरनाचं पानी पाह्यलं का तुम्ही? पल्याडचा काठ दिसत नाई. समुद्र म्हंजे अजून काय राहते?"

"खारट राहते."

"तुमचा दोस्त का पानी चाखून पाहनार हाय? डोंगराले अंबागड हाय. राह्यली फळबाग. ते माह्या साळ्याची हाय, देवाजीची, पेरूची. आपलीच म्हना. देवाजीले मी फोन करून ठेवतो. गाडी माही, तुम्ही फकस्त बोलाचं काम करा."

फळबागेचाही खुलासा करायला हवा. गुरुजींच्या वडिलांच्या शेताच्या धुऱ्यावर आंब्याची पाच झाडं होती. पाच झाडांना बाग म्हटलं तर भंडाऱ्यात कुणाची हरकत नसते. पण रत्नागिरीला ती दर उन्हाळ्यात थोडी थोडी वाढत गेली आणि बदलीच्या वेळेपर्यंत दोनशे झाडांवर पोचली होती. गुरुजी गणित शिकवायचे, त्यामुळे आकडा त्यांच्या पक्का लक्षात होता. हल्ली लोकांच्या खिशात अख्ख्या पृथ्वीचे नकाशे असतात ही एक धास्ती होती, पण नेवरेकर अजून बटणांचा फोन वापरतात, हे आठवून त्यांना जरा बरं वाटलं.

वरठीच्या स्टेशनवर कोल्हापूरहून येणारी गाडी थांबली आणि डब्यातून नेवरेकर उतरले. केस पांढरे, अंगाने निम्मे. पण सदऱ्याच्या खिशात तेच लाल पेन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती तरी या माणसाला लाल पेनाशिवाय उघडं वाटायचं. गुरुजींनी त्यांना मिठी मारली आणि क्षणभर समुद्राचं विसरून त्यांचे डोळे भरून आले.

"कुठे आहे रे समुद्र?" नेवरेकरांनी मिठीतूनच विचारलं. गुरुजींचे डोळे तिथेच कोरडे झाले.

दिवस मंडईचे होते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते; दिवसा दंडारीचे नाच, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरात निदान चार गावचे पाहुणे. या आठ-दहा दिवसांत जिल्ह्यातला कुठलाच माणूस स्वतःच्या जागेवर सापडत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात पाट टाकून बसलेला असतो. ही गोष्ट गुरुजींना पक्की ठाऊक होती, पण बेत आखताना ती त्यांच्या ध्यानातून गेली.

पहिल्या दिवशी अंबागड. ताराचंदने गाडी पायथ्याशी लावली आणि आपल्याला गुडघ्याचा त्रास असल्याचं तिथे जाहीर केलं. गुरुजी आणि नेवरेकर पायऱ्या चढायला लागले. तरुणपणी नेवरेकरांनी त्यांना ज्या गडांवर पळवत नेलं होतं, त्या सगळ्यांची परतफेड करायच्या ईर्षेने गुरुजी पुढे निघाले आणि शंभर पायऱ्यांनंतर खाली बसले. त्यांनी बसताना बाजूला ठेवलेला वड्यांचा डबा एका वानराने उचलला. डबा उघडता येईना तेव्हा त्याने तो गुरुजींच्या समोर आपटून आपटून उघडला, एक वडा खाल्ला, तिखट लागला असावा, आणि बाकीचे एकेक करून खाली भिरकावले. त्यातला एक पायथ्याशी उभ्या ताराचंदच्या गाडीच्या काचेवर पडला.

नेवरेकर वर पोचले. बुरुजावर उभं राहून त्यांनी खालचं रान पाहिलं, दूरवरचा धानाचा पिवळा पट्टा पाहिला. "छान," ते म्हणाले.

हा शब्द गुरुजींच्या काळजात रुतला. कारण नेवरेकरांची वही तपासायची रीत सगळ्या शाळेला माहीत होती. उत्तर बरोबर असलं की ते बाजूला लाल पेनाने नुसती बरोबरची खूण करायचे, एक अक्षर लिहायचे नाहीत. पोर अगदीच कच्चं असलं, आणि त्याचं मन मोडू नये असं वाटलं, तर मात्र ते शेवटी लिहायचे, 'छान'.

दुसऱ्या दिवशी धरण. फाटकावर पहारेकरी बसला होता. "परवानगी हाय का?" त्याने विचारलं. गुरुजी म्हणाले, नुसतं बघायचं आहे. तो म्हणाला, बघायलाच परवानगी लागते. न बघता परत जायचं असेल तर लागत नाही. मग कार्यालयात जाणं आलं. तिथे एकच कारकून होता. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज लिवा. विषय स्पष्ट लिवा."

गुरुजींनी पेन काढलं. नेवरेकर अगदी खांद्याशी उभे होते आणि कागदाकडे बघत होते. अशा वेळी माणूस धरण हा शब्द कसा लिहिणार? गुरुजींनी घाम पुसला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'विषय : पाहुण्यास समुद्र दाखविणेबाबत.'

कारकुनाने अर्ज मोठ्याने वाचला. मग त्याने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, सावकाश वाचला. "गुरुजी," तो म्हणाला, "समुद्र तं आपल्या कार्यालयाकडे येत नाई. इकडे जलाशय हाय." त्याने 'समुद्र' या शब्दाभोवती निळं वर्तुळ काढलं, वर 'जलाशय' लिहिलं आणि कागद परत दिला. "दुरुस्त करून आना. म्हंजे, आनला तरी सही साहेबाचीच लागते."

"साहेब कुठे आहेत?"

"मंडईले गेले. सोमवारी येतीन."

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांभोवती वर्तुळं काढणाऱ्या गुरुजींनी आपला अर्ज चार घड्या करून खिशात घातला. नेवरेकर भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा बघत होते. अगदी लक्ष देऊन बघत होते. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

शेवटी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, तारेच्या कुंपणातून पाणी बघितलं. "पाहा साहेब," ताराचंद म्हणाला, "पल्याडचा काठ दिसते का?"

दिसत होता. त्याच्यावर एक म्हैसही दिसत होती.

"छान," नेवरेकर म्हणाले.

आता गुरुजींची सगळी मदार फळबागेवर होती. इज्जत जाऊ लागली की माणूस जास्त बोलतो. देवाजीच्या बागेत शिरताच गुरुजींनी सुरुवात केली. हे झाड मी स्वतः लावलं, हे आमच्या वडिलांनी. या ओळीला मी सुट्टीत येऊन पाणी घालायचो. वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि झाडं चार वर्षांची होती, पण नेवरेकर आंब्याचे बागायतदार असूनही काही बोलले नाहीत. गुरुजींनी एक फांदी वाकवली, दोन पेरू तोडले आणि तिसऱ्याला हात घातला.

"कोन व्हय रे तिकडे?"

ताराचंदने देवाजीला फोन केला होता. देवाजी तो फोन मंडईला घेऊन गेला होता. बायकोला सांगायचं राहून गेलं. ही सत्यवती आता हातात विळा घेऊन झोपडीतून बाहेर आली होती. ताराचंदला त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला आणि तो बोलत बोलत बांध ओलांडून गेला.

"गुरुजी?" सत्यवतीने ओळखलं. तिचा विळा खाली आला, आवाज मात्र खाली आला नाही. "आमच्या गुड्डीले तुम्हीच शिकवलं ना? आन् तुम्हीच पेरू चोरून राहिले? काहून जी, मांगले असते तं आम्ही नाई म्हटलं असतं का?"

गुरुजींना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यांनी तोडलेले दोन्ही पेरू पुढे केले. त्यांची ती अवस्था बघून सत्यवतीलाच वाईट वाटलं. तिने पदराने घाम पुसला, आत गेली आणि पिशवीभर पेरू आणून त्यांच्या हातात दिले. "न्या. पन विचारत जा," ती म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं.

नेवरेकरांनी एक पेरू पुसून चावला. "छान आहे बाग," ते म्हणाले.

संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत. अंगणात खाटेवर बसून राहिले. नेवरेकर येऊन शेजारी बसले.

"परवा सकाळी गाडी माझी. उद्या ते दाखव की रे, ते फळांचं पाणी."

"कसलं?"

"अरे, तू सांगायचास ना? बाबांबरोबर डोंग्यात बसायचास, पाण्यावरची पानं उलटी केली की खाली फळ लागलेलं असायचं. एकदा तू पाण्यात पडलास आणि तुझ्या आईने तुला काठाच्या पाळीवरून घरापर्यंत मारत नेलं. तू समुद्र समुद्र म्हणायचास, पण गोष्टी सगळ्या त्या एकाच पाण्याच्या असायच्या."

"ते होय?" गुरुजी म्हणाले. "तो तर आमच्या गावचा तलाव. शिंगाडे लागतात त्यात. तलाव काय दाखवायचा पाहुण्याला?"

खरंच, आमच्याकडे पाहुण्याला तलाव कुणी दाखवत नाही. घरातला पाण्याचा माठ कुणी दाखवतं का? तो असतोच. गुरुजींच्या पणजोबांनी त्याच्या पाळीवर माती टाकली होती, वडिलांचं धान त्याच्या पाण्यावर पिकलं होतं, आणि तीन दिवसांच्या बेतात तो गुरुजींना एकदाही आठवला नव्हता.

सकाळी लाखांदूरच्या पुढे, गुरुजींच्या गावी गेले. पाळीवर चढल्यावर समोर सगळा तलाव शिंगाड्याच्या वेलींनी हिरवागार झालेला. मधून मधून पाणी चमकत होतं. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीने तलाव ठेक्याने घेतलेला होता आणि काठाशी गोमाजी डोंगा बांधत होता. गुरुजींचा चौथीपर्यंतचा सोबती.

"काहून रे खुशाल, रस्ता भुलला का?" गोमाजी म्हणाला. "भंडाऱ्याले गेला तं तलाव दिसत नाई का तुले?"

"पाहुणे आहेत. कोकणातून आले."

"मंग बसा डोंग्यात. उभे काहून राहिले?"

डोंगा अरुंद. पुढे नेवरेकर, मध्ये गुरुजी, मागे बांबू रोवत गोमाजी. गुरुजींचं धोतर भिजलं, मग चप्पल भिजली, मग त्यांनी दोन्हीची काळजी सोडली. गोमाजीने एक वेल उलटी करून दाखवली. पानांखाली हिरवे, लालसर शिंगाडे लोंबत होते. नेवरेकरांनी हात घातला आणि काटा टोचून घेतला. "असं नाही, असं," गुरुजी म्हणाले, आणि साठी उलटलेल्या त्यांच्या बोटांनी आपण होऊन शिंगाडा देठापासून खुडला, दाताने साल काढली आणि पांढरा गर नेवरेकरांच्या हातावर ठेवला. वडील त्यांच्या हातावर असाच ठेवायचे. एकदम वडिलांचा तो ओला, थंड, सुरकुतलेला हात त्यांना आठवला. आता बोलल्याशिवाय राहवेना.

"नेवरेकर, आमच्याकडे समुद्र नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अरे, मी भूगोल शिकवायचो. महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढायचो. भंडारा कुठे येतं ते मला ठाऊक नसेल?"

"मग तू हसला का नाहीस?"

"बाकीचे हसत होते ना. सगळ्यांनीच हसून कसं चालेल?" नेवरेकर शिंगाडा चघळत म्हणाले. "तुला घरची आठवण येत होती. ती खरी होती."

अकरा वर्षांच्या संध्याकाळी गुरुजींसमोर एकदम उभ्या राहिल्या. आपण सांगत होतो आणि हा माणूस सगळं जाणून, मान हलवत ऐकत होता.

"पुढच्या महिन्यात पुण्याला चाललो, मुलाकडे," नेवरेकर म्हणाले. "कलमं दुसऱ्याला दिली बघायला. आई गेली, ही गेली. एकट्याने राहू देत नाहीत. आठवा मजला आहे. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. तिथे मला कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे की आमच्याकडे समुद्र आहे. तुझ्यासारखं सांगता आलं पाहिजे, ऐकणाऱ्याला दिसेल असं. म्हटलं, ज्या पाण्यावरून तू सांगायचास ते एकदा बघून यावं."

गुरुजींनी तोंड पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर चार घड्यांचा अर्ज बाहेर आला. नेवरेकरांनी तो त्यांच्या हातातून घेतला, गुडघ्यावर सरळ केला आणि खिशातलं लाल पेन काढलं. 'जलाशय' या शब्दावर त्यांनी पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली. मग निळ्या वर्तुळातल्या 'समुद्र'च्या शेजारी बरोबरची खूण केली. खाली 'छान' लिहिलं नाही.

"काय लिवून राहिले जी पाहुणे?" गोमाजीने मागून विचारलं.

"परवानगी आली," गुरुजी म्हणाले. "ने आता पार मधात."